ऊसतोड बायकांवर चित्रमालिका करायचीय, किती भडक दाखवू? – एक लांबलचक उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे मधेच वाचणाऱ्यांनाही कळेल. तू अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहेस, बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात त्यावर दहा-बारा चित्रांची सिरीज करायचीय, गाईड म्हणतात इम्पॅक्ट पाहिजे, बघणारा हादरला पाहिजे, आणि तुला रक्त, कापलेलं पोट असलं काही काढायला कसंतरीच वाटतंय. म्हणून विचारतेयस की किती भडक चालेल. कॉलेजातली आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी वीसेक वर्षं चित्रं काढून पोट भरतोय, त्यातली निम्मी वर्षं आरोग्यावर काम करणाऱ्या लहान-मोठ्या संस्थांसाठी पोस्टर, फ्लिपचार्ट, भिंतीवरची चित्रं असलं काम केलंय. ऊसतोडीवर दोनदा केलं, एकदा वाईट आणि एकदा बरं.

भडकपणाचं उत्तर खाली देतोच, पण मला वाटतं अडलंय दुसरीकडे. २०१९ ला या बातम्या आल्या तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता की. नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. लोक हादरले, हळहळले, फॉरवर्ड केलं आणि आठवड्याने विसरले. त्यामुळे हादरवणं हे काही अवघड काम नाही, ते बातमीने तुझ्या आधीच करून ठेवलंय. आजही पुण्या-मुंबईतल्या माणसाला विचार की बाई एवढी पिशवी काढायला तयार होतेच कशी, तर तो म्हणतो अडाणीपणा, नाहीतर म्हणतो डॉक्टर चोर. दोन्हीत थोडं थोडं खरं असेलही पण मधली साखळी कुणालाच दिसत नाही, आणि चित्राचं खरं काम तिथे आहे.

साखळी अशी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या गावातून निघतात, धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार हा सगळा पट्टा रिकामा होतो, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सोलापूर-नगरकडे, कुणी थेट कर्नाटकात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. टोळी जमवणारा मुकादम आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो आणि ती एका माणसाला नसते, कोयत्याला असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. इथेच थांब जरा, कारण सगळं यात आहे. बाई आजारी पडली तर अर्धा कोयता बंद पडतो, नवऱ्याने तोडलेला ऊस सोलायला, मोळी बांधायला, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायला कुणी नाही. एक दिवस बुडाला की खाडा. खाड्याचे पाचशे कापतात, कुठे हजारही. फडात संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाणी लांबून आणायचं, पाळीत तेच कापड धुऊन ओलंच वापरायचं. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं. दुखणं अंगावर काढायचं कारण खाडा परवडत नाही. शेवटी डॉक्टरकडे गेली की तो म्हणतो पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका. लग्न लवकर झालेलं, पंचविशीच्या आत दोन-तीन पोरं झालेली, मग तिलाही वाटतं आता पिशवी ठेवून करायचंय काय, पाळीची कटकटही जाईल. ऑपरेशनचे पैसे पुन्हा मुकादमाकडून उचल. ती फेडायला पुढच्या साली परत कोयता. अंडाशयही काढलेलं असेल तर तिशीतच पाळी गेल्यानंतरचे सगळे त्रास सुरू, हाडं दुखतात, आणि तोडणी काही सुटत नाही.

आता हे वाचल्यावर सांग, यात रक्ताचं चित्र नेमकं कुठे बसतं? ऑपरेशन हा या गोष्टीतला एक दिवस आहे. आधीची दहा वर्षं आणि नंतरची वीस वर्षं त्या चित्रात येतच नाहीत.

माझं पहिलं काम वाईट झालं ते याच कारणाने. मी एक मोठं पोस्टर केलं होतं, उसाच्या फडात उभी बाई, पोटाच्या जागी भगदाड आणि त्यातून पलीकडचा ऊस दिसतोय. शहरात प्रदर्शनात लागलं तेव्हा भरपूर कौतुक झालं, फोटो काढले लोकांनी. मग तेच संस्थेने एका गावात आशाताईंच्या बैठकीला नेलं. मी मागे उभा होतो. दहा-पंधरा बायका होत्या, बराच वेळ कुणी काही बोलेना. मग एक म्हातारी म्हणाली, "ही भुताटकी कशाला आणली?" दुसरीने वेगळंच धरलं, तिने मोळीकडे बोट केलं. मी मोळीला निळी नायलॉनची दोरी काढली होती, दिसायला बरी म्हणून. ती म्हणाली, "दोरी कोण देतंय आम्हाला? वाढ्यानंच बांधतो की." वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, त्यालाच पीळ देऊन मोळी बांधतात, उरलेलं वाढं गुरांना घालतात नाहीतर विकतात. सगळ्या हसल्या, आणि तिथून पुढे त्या पोस्टरवर कुणाचा विश्वास राहिला नाही. ज्याला मोळी माहीत नाही त्याला आमचं दुखणं काय माहीत असणार, साधा हिशोब.

पण त्याच बैठकीत पुढचं काम सापडलं. माझ्या हातात पेन्सिल-वही होती, एका बाईने ती मागून घेतली आणि म्हणाली मी दाखवते मुकादम कसं लिहितो. तिने उभ्या रेघा मारल्या, एक, दोन, तीन, चार, मग एक फुली, मग परत रेघा. फुली म्हणजे खाडा. तिला अक्षर येत नव्हतं पण त्या वहीत आपल्या नावापुढे किती फुल्या आहेत ते तिला तोंडपाठ होतं. एक फुली पोराच्या तापाची, दोन पाळीच्या. पुढच्या वेळी मी पोस्टर केलंच नाही, ती वही केली. आठ पानं, प्रत्येक पानावर वर त्या बाईचा दिवस आणि खाली मुकादमाच्या वहीतली तीच ओळ. वर ती पहाटे अंधारात पोट धरून बसलीय, खाली एक साधी उभी रेघ, कारण ती कामावर गेलीच. वर नवरा तिला दवाखान्यात घेऊन चाललाय, खाली फुली, आणि फुलीच्या पुढे आणखी एक फुली, कारण जोडीचा खाडा दोघांचा. शेवटच्या पानावर हंगाम संपलाय, आणि खाली फुल्यांची वजाबाकी करून राहिलेली बाकी, जी पुढच्या वर्षी फेडायची. कुठेही रक्त नाही, रडणारा चेहराही नाही. बायकांनी पान उलटायच्या आधीच सांगायला सुरुवात केली की आता पुढे काय होणार ते. आणि शहरात दाखवली तेव्हा लोकांनी पहिल्यांदा मला "किती वाईट" सोडून दुसरं काहीतरी विचारलं. एकाने विचारलं, खाडा कापायचा अधिकार मुकादमाला दिला कुणी? मला तोच प्रश्न हवा होता.

तर तुला सांगायचं मुख्य म्हणजे एवढंच, दुःखाच्या आधी हिशोब काढायला शीक.

आता यात परिस्थितीवर अवलंबून काय काय आहे ते सांगतो, कारण माझं तुला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पहिली गोष्ट, बघणार कोण. प्रश्नात तू "लोक" म्हणलंयस, पण लोक म्हणजे कोण? इन्स्टावरचे, की त्या बायका, की कारखान्याचा शेतकी अधिकारी आणि झेडपीतले साहेब? ही तीन वेगळी चित्रं आहेत. बायकांसाठी करशील तर उपयोगी माहिती पाहिजे, पांढरं जाणं म्हणजे दरवेळी कॅन्सर नसतो, बऱ्याचदा गोळ्यांनी बरं होतं, दुसऱ्या डॉक्टरला विचारता येतं, पिशवी काढण्याआधी कुठल्या तपासण्या व्हायला हव्यात. साहेबांसाठी करशील तर एकच मागणी आणि ती अगदी ठळक, उदाहरणार्थ टोळ्या कोप्या टाकून राहतात त्या अड्ड्यावर संडास, पाणी. त्या बातम्यांनंतर बीडमध्ये नियम आला की खाजगी दवाखान्याने ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यायची, ही गोष्ट किती बायकांना माहीत असेल? एक चित्र नुसतं तेवढ्यावर होऊ शकतं. इन्स्टासाठी असेल तर साखळी समजावणारी पट्टी, दहा स्लाइडमध्ये, स्वाइप करत जायची. कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून तिन्ही एकत्र कोंबायचा मोह होईल, तो आवर. एक निवड.

दुसरं, तू कधी जातेयस यावरही आहे. हंगामात फडावर गेलीस तर दिवसभर कुणाला मान वर करायला वेळ नसतो, रात्री गाडी भरायला उठावं लागतं, आणि मुकादम आसपास असताना कुणी काही बोलणार नाही. पावसाळ्यात दसऱ्याच्या आधी गावात जा, बायका घरी असतात, दुपारी निवांत ओट्यावर बसतात. मी पुरुष असल्यामुळे माझ्यासमोर अंगावरून जाण्याचं वगैरे कुणी काढलंच नाही, मला सगळं आशाताईंच्या तोंडून कळलं, तुला थेट सांगतील. पण पहिल्याच दिवशी वही काढून बसू नकोस बाई. आणि शब्द त्यांचे वापर. त्या हिस्टरेक्टॉमी म्हणत नाहीत, गर्भाशय शस्त्रक्रिया तर नाहीच नाही, "पिशवी काढली" म्हणतात. चित्राखाली तेच लिही.

रेफरन्स नीट घे. त्यांच्या झोपडीला कोपी म्हणतात, ती चौकोनी भिंतींची नसते, बांबूच्या कामट्या वाकवून वर चटई, पाचट, आता बहुतेक वेळा ताडपत्री, आत वाकून शिरावं लागतं. बाई नऊवारीत नसते आता, सहावारी खोचलेली आणि वरून नवऱ्याचा जुना फुल शर्ट, कारण उसाच्या पातीने हात चरचर कापतात. डोक्याला फडकं. एआयवर करून बघितलंस का? मी बघितलं, घागरा घातलेली बाई आणि हातात गव्हाचा विळा आला, पाठीमागे सूर्यास्त. त्याच्या नादी लागू नकोस, निदान या कामात तरी.

ओळखीचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि यात माझी चूक सांगतो. लोक म्हणतात फोटोपेक्षा चित्र सुरक्षित, चेहरा बदलता येतो. मीही चेहरा बदलला होता, पण हातावरचं गोंदण हुबेहूब काढलं कारण ते फार सुंदर होतं. गावाने तिला गोंदणावरून ओळखलं. पिशवी काढलेली बाई म्हणून सासरी तिला काय काय ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही. मी ते पान मागे घेतलं, पण छापून गेलेल्या प्रती काही परत येत नाहीत. तेव्हापासून एकाच बाईचं सगळं कधीच एका चित्रात घेत नाही, एकीचा हात, दुसरीची कोपी, तिसरीची गोष्ट असं करतो, आणि छापायच्या आधी त्या तिघींना दाखवतो. तुझ्या सिरीजमध्ये बालविवाहाचं चित्र येणारच, कारण मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून लवकर लग्न, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. तिथे दुप्पट काळजी घे. बाल न्याय कायदा आणि पोक्सो दोन्हीत मुलाची ओळख उघड होईल असं काही छापायला बंदी आहे, आणि ओळख म्हणजे नुसतं नाव नाही, गाव, शाळा, घर, काहीही ज्यावरून कळेल ते. चित्र आहे म्हणून सूट मिळत नाही.

भडकपणाबद्दल. सरसकट नको असं मी म्हणणार नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद या चित्रकाराने मिदनापूरमध्ये फिरून केलेली काळ्या शाईची चित्रं बघ, बरगड्या, रस्त्यात पडलेली माणसं, सगळं आहे त्यात, डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. झैनुल आबेदीनने त्याच काळात स्वस्तातल्या कागदावर ब्रशने केलेली पण बघ. पण चित्तप्रसादने नुसती हाडं काढली नाहीत, तो माणसांशी बोलत होता, नावं आणि हकीकती टिपत होता, चित्राबरोबर लिहीत होता. त्यामुळे बघणाऱ्याला कळतं की हे आभाळातून पडलेलं नाही. इंग्रज सरकारने त्याच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या पाच हजार प्रती जप्त करून जाळल्या, यावरून समज की नेमकं काय झोंबलं असेल. नुसत्या हाडांना सरकार घाबरत नाही. पुढे हा माणूस मुंबईत अंधेरीला येऊन राहिला, उरलेलं बहुतेक आयुष्य तिथेच काढलं, आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे कोण जाणे. फक्त एक फरक लक्षात घे, त्याने नावं लिहिली कारण तेव्हा माणसं मरत होती आणि जगाला ते खोटं वाटत होतं. तुझ्या बायका जिवंत आहेत आणि त्यांना त्याच गावात राहायचंय. म्हणून त्याची नोंद करायची सवय उचल, नावं नको.

काही चित्रं तर तू काढूच नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. चहाच्या कपात रक्त, साखरेच्या दाण्यांत बाईचं कलेवर, उसाच्या कांडीतून ठिबकणारं रक्त. हे सगळ्यांना सुचतं, म्हणजे तुझ्या बॅचमधल्या निम्म्यांना पहिल्या पंधरा मिनिटांत सुचेल. शेतकरी आत्महत्येवर जसं भेगा पडलेली जमीन, आभाळाकडे बघणारा म्हातारा आणि झाडाला फास, दर मे महिन्यात तेच, डोळ्यांना सवय झाली. आणि फासाबद्दल तर साधा नियम आहे, आत्महत्येवर काही करताना साधन दाखवायचं नाही, ज्याच्या डोक्यात आधीच विचार चालू आहेत त्याला तेच चित्र रस्ता दाखवतं. तसंच इथेही, घाबरलेल्या बाईला आणखी घाबरवलं तर ती डॉक्टरच्या "कॅन्सर होईल"लाच जास्त बळी पडते. तुझं चित्र आणि तो डॉक्टर एकच काम करायला लागतात. हे मला दुसऱ्या खेपेला आशाताईंनी सांगितलं, माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आकडा दाखवायचा असेल तर पाय चार्ट नको. सहातली एक हे प्रमाण चित्रात फार सोपं आहे. गाडीला लावलेल्या फळीवरून मोळ्या घेऊन चढणाऱ्या सहा बायका, सगळ्यांच्या डोक्यावर तेवढंच ओझं, सगळ्या सारख्याच वाकलेल्या, आणि कुठली एक ते ओळखता येऊ नये. खाली फक्त एक ओळ. बघणारा शोधत बसतो, आणि शोधता शोधता ओझं बघतो. मी हे रफ केलं होतं, वापरलं नाही, तुला हवं तर घे.

तपासणी कशी करायची ते विचारलं नाहीस पण सांगतो, कारण कॉलेजात शिकवत नाहीत. मजकूर झाकायचा, चित्र हातात द्यायचं आणि विचारायचं "काय चाललंय यात?" बास. "कळलं का" असं विचारू नकोस, सगळ्या हो म्हणतात, तुझं मन राखायला. पाच-सात जणींना वेगवेगळं दाखव, एकत्र दाखवलंस तर पहिली बोलते तेच बाकीच्या बोलतात. आतल्या अवयवांचं आडवं कापलेलं चित्र मी टाळतो, पोट उघडलेलं दिसतं आणि लोक बिचकतात. त्यापेक्षा बाईच्या आकृतीवरच साडीच्या वरून फिकट रेषेत पिशवी दाखवली तर पटकन कळतं. रंग दोन ठेव, फार तर तीन, गावात शेवटी त्याची झेरॉक्सच फिरणार आहे, काळ्यापांढऱ्यात चित्र उभं राहिलं पाहिजे. प्रदर्शनासाठी फ्लेक्स करणार असशील तर ठीक, पण अड्ड्यावर फ्लेक्स दिलास तर दुसऱ्या दिवशी तो कोपीवर आच्छादन म्हणून दिसेल, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलेलं नसेल.

हेल्पलाइन नंबर टाकशील तर आधी स्वतः लावून बघ. मुलांसाठी १०९८ आहे, बालविवाहाची तक्रारही तिथे करता येते. मानसिक ताणासाठी टेलिमानसचा १४४१६. पण नुसता नंबर टाकून मोकळं होऊ नकोस, उचलल्यावर समोरचा काय काय विचारतो ते चित्रात दाखवता आलं तर बघ, बायका फोन लावत नाहीत त्याचं निम्मं कारण काय बोलायचं ते माहीत नसतं.

गाईडचं म्हणशील तर त्यांच्याशी भांडू नकोस, मार्क त्यांच्याच हातात आहेत. दोन-तीन चित्रं त्यांना हवी तशी जोरकस कर, म्हातारीची भुताटकी सोडून, आणि बाकी आठ-नऊ तुझ्या पद्धतीने. क्रमाने लाव म्हणजे बघणारा हिशोबातून त्या जोरकस चित्रापर्यंत येईल, उलट लावलंस तर पहिल्यावरच थांबेल.

रफ झाले की इथेच टाक, बघतो. पण त्याच्या आधी मोळीचा बांध कुणाला तरी दाखवून घे.